बाबासाहेबांची बिऱ्हाडे

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची यादी आपल्या शाळेतील पाचवीच्या मुलालाही तोंडपाठ असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ अशी ती यादी सकाळच्या परिपाठात मुले एका दमात म्हणतात. परंतु या पदव्या मिळवीत असताना बाबासाहेब राहत कोठे होते, कोणाच्या घरात राहत होते, भाडे कशातून देत होते, हे आपण सहसा विचारीत नाही. तीस वर्षे इतिहास शिकवूनही मला स्वतःला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पाडला आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने.

हा मुलगा पाटण तालुक्यातील डोंगरावरच्या एका वाडीचा. वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर तो इंग्लंडला गेला आणि पंधरा दिवसांतच त्याचा फोन आला. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्ती मंजूर होती, पण डोक्यावर छप्पर नव्हते. खोल्या दाखवणारा दलाल जामीनदार मागत होता. जामीनदार त्याच देशात राहणारा व ठरावीक उत्पन्नाचा हवा, नाहीतर सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरावे लागणार. वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणारा बाप तेथे जामीन म्हणून चालत नव्हता. दुसरी वाट आपल्याकडच्या मुलांची होती. चार-पाच जणांनी मिळून एक घर घेतलेले होते आणि त्यात एक खोली रिकामी होती. त्यांनी फोनवर आधी पूर्ण नाव विचारले, मग गाव विचारले, मग गावात घर नेमके कोणत्या अंगाला हे विचारले. संध्याकाळी खोली दिली गेल्याचा निरोप आला. मुलगा मला म्हणाला की दलालाचे म्हणणे मला कळते, त्याला पैशाची हमी हवी आहे. या मुलांना कशाची हमी हवी होती?

त्या रात्री मी कपाटातून धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांची चरित्रे काढली. खैरमोडे आपल्या सातारा जिल्ह्यातलेच, हे नव्या पिढीला ठाऊक असावे म्हणून येथे नोंदवून ठेवतो. बाबासाहेबांच्या आयुष्यातील बिऱ्हाडे एकापुढे एक मांडली, तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीपासून लिहून ठेवलेले दिसले. त्याचे पहिले पान तर आपल्या पाटणपासून फार लांब नाही.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महू येथील लष्करी छावणीतला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. सुभेदार रामजी सकपाळ सेवानिवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्यातच माता भीमाबाईंचे निधन झाले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे व घरी परत आणावा लागे, आणि शिपाई हजर असेल तरच तहान भागे, हे आपण सर्व जाणतो. त्याचा पुन्हा विस्तार करीत नाही.

विस्तार करायचा तो मसूरच्या रात्रीचा. सुभेदार रामजी त्या काळी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. 1901 सालच्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना सुट्टीसाठी बोलावले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले अशी मंडळी नवे कपडे घालून, डोक्याला जरीच्या टोप्या लावून आगगाडीत बसली. कराडच्या अलीकडे मसूर स्टेशनावर उतरल्यावर न्यायला कोणी आलेच नाही. वडिलांना पाठवलेले पत्र वेळेवर पोहोचले नव्हते. स्टेशनमास्तरने कपडे पाहून आस्थेने चौकशी केली. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावांनी जात खरी सांगितली आणि मास्तर मागे सरकला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण बसवून घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे या अटीवर.

रात्र झाली तेव्हा गाडी टोलनाक्याशी थांबली. मुलांपाशी डबा होता, पण पाणी नव्हते, आणि पाण्यावाचून घास गिळवेना. नाकेदाराने जात विचारली तर मुसलमान म्हणून सांगा, असा सल्ला गाडीवानाने दिला. भीमराव उर्दू चांगले बोलत. त्यांनी तसे सांगितले, तरी पाणी मिळाले नाही. उघड्यावर, गाडीच्या आधाराने, उपाशी मुलांनी ती रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी ती गोरेगावला पोहोचली. मसूरवरून जाणाऱ्या एस.टी.त बसलेल्या आपल्यापैकी किती जणांना हे आठवते, ठाऊक नाही. मला आठवते. रात्रीच्या आसऱ्यासाठी खोटे नाव सांगण्याची पाळी बाबासाहेबांवर पहिल्यांदा आली ती येथे, कृष्णाकाठच्या या मुलखात.

पुढे मुंबई. परळच्या डबक चाळीत एकच खोली, त्यातच चूल, त्यातच सरपण, त्यातच अभ्यास. वडील मुलाला लवकर निजवीत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत. 1907 साली मॅट्रिक, पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, आणि जून 1913 मध्ये बडोदे संस्थानशी परदेशी शिक्षणाचा करार. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. हा करार लक्षात ठेवावा, कारण त्यातूनच पुढचा प्रसंग घडला.

जुलै 1913 मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते आठवडाभरच राहिले. जेवणात गोमांस फार आणि स्वयंपाकही रुचेना, म्हणून ते वेस्ट 114 व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, जेथे काही हिंदी विद्यार्थी राहत. नंतर लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात त्यांचा जम बसला. तेथे त्यांना मित्र मिळाला तो नवल भथेना हा पारशी तरुण. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या तीन बदलांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. आठवड्यात जागा बदलली, ती जेवण आवडले नाही म्हणून. आपल्या वसतिगृहातील मुले भाजीविषयी जी कुरकुर करतात, तिच्या जातीचेच हे कारण! ज्या मुलाला मसूरच्या नाक्यावर पाण्याचा घोट मिळाला नाही, तो बारा वर्षांनंतर एक वसतिगृह सोडून दुसरे निवडीत होता, आणि दोन्ही ठिकाणी नोंदवहीत त्याचे खरे नाव होते. बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे की युरोप-अमेरिकेतील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना विसर पडला होता. हा विसर कोणत्या व्याख्यानाने पाडला नव्हता. सकाळी उठून सगळ्यांच्या नळावर तोंड धुणे, सगळ्यांच्या टेबलावर जेवणे आणि रात्री आपल्या खोलीचे दार आपल्या किल्लीने उघडणे, या रोजच्या गोष्टींनी तो पाडला होता.

तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. अमेरिका हा समतेचा स्वर्ग नव्हता. कोलंबिया विद्यापीठ हार्लेमला लागून आहे, आणि बाबासाहेबांच्या समोरच तेथे कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. ते न्यूयॉर्क सोडून गेल्यानंतर आठ वर्षांनी, 1924 मध्ये, त्याच विद्यापीठाच्या फर्नाल्ड हॉल या वसतिगृहात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला खोली मिळाली, तेव्हा त्याला हुसकावण्यासाठी वसतिगृहापुढे क्रूस पेटवला गेला. त्या विद्यार्थ्याने खोली सोडली नाही. खोली कोणाला द्यायची हा प्रश्न तेथेही होता, फक्त त्याची धार दुसऱ्याच्या मानेवर होती. हे आपण सांगितले नाही तर आपली मुले परदेशाविषयी भलतीच कल्पना घेऊन विमानात बसतील.

न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांनी 1915 साली एम.ए. केले, 9 मे 1916 रोजी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये प्रवेश झाला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 च्या उन्हाळ्यात परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते पाणतीराने बुडाले. पुस्तके गेली, पण करार राहिला होता.

सप्टेंबर 1917. बडोद्याच्या स्टेशनावर सव्वीस वर्षांचे बाबासाहेब उतरले, तेव्हा दोन खंडांतील विद्यापीठांत शिकून आलेला असा दुसरा माणूस त्या संस्थानात क्वचितच असेल. त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता : जायचे कोठे? हिंदू खानावळी होत्या, पण तेथे जात सांगावी लागणार. बडोद्यात काही मित्र होते, पण त्यांच्या घरी आपले स्वागत होईल की नाही याची खात्री नव्हती. एक पारशी धर्मशाळा होती. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, लिव्हिंगस्टन हॉलमधला सोबती पारशीच, तेव्हा तेथे अडचण येणार नाही असे त्यांना वाटले.

धर्मशाळेच्या रखवालदाराने वर नेले. अंगात सदरा-कस्ती नाही हे त्याच्या लक्षात आले. ही जागा फक्त पारशांसाठी आहे, असे त्याने सांगितले. पण धर्मशाळेला बरेच दिवस उतारू नव्हता आणि रखवालदारालाही चार पैसे हवे होते. तडजोड अशी निघाली की नोंदवहीत पारशी नाव लिहावे आणि राहण्या-जेवणाचे रोजचे दीड रुपया द्यावे. बाबासाहेबांनी ते मान्य केले. माडीवर एक छोटी खोली आणि तिला लागून नळाची न्हाणी. बाकी सारे मोठे दालन फळ्या, बाके, मोडक्या खुर्च्या यांनी भरलेले. विजेचे दिवे नव्हते. रखवालदार संध्याकाळी एक कंदील आणून ठेवी. अंधारात वटवाघळे फडफडत. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कार्यालयातील उमेदवारी, रात्री या अडगळीत पुस्तक. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केलेला होता. तो मंजूर होईपर्यंत दिवस काढायचे होते.

अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघण्याच्या तयारीत असताना दहा-बारा पारशी हातांत काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण, पारशी नाव घेण्याची तुझी हिंमत कशी झाली, धर्मशाळा बाटवलीस, अशी सरबत्ती झाली. बाबासाहेब उत्तर देऊ शकले नाहीत. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली, ती नाकारली गेली. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची होती. एक हिंदू मित्र होता. त्याने दुःख व्यक्त केले, पण तुम्ही आलात तर माझे नोकर जातील असे सांगितले. एक ख्रिस्ती मित्र होता. तो म्हणाला, पत्नी उद्या परगावाहून येणार आहे, तिला विचारून सांगतो. बाबासाहेबांनी त्या उद्याची वाट पाहिली नाही. सामान घेऊन ते सार्वजनिक बागेत गेले, पाच तास झाडाखाली बसले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परतले. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि तेथे जाऊन आलेले आपल्यात अनेक जण आहेत.

संकल्पभूमीवर आपण नतमस्तक होतो ते योग्यच आहे. पण मला वाटते त्या पाच तासांइतकेच आधीचे अकरा दिवसही आठवावेत. डॉक्टरेटचा प्रबंध लिहिलेला विद्वान रोज संध्याकाळी ज्या जिन्याने वर जात होता, तेथे नोंदवहीत त्याचे नाव दुसऱ्याचे होते. मसूरला मुसलमान, बडोद्याला पारशी. खोटे नाव सांगूनही मसूरला पाणी मिळाले नाही आणि बडोद्याला खोली टिकली नाही. त्यांच्या आठवणींच्या ज्या छोट्या पुस्तकात हे दोन्ही प्रसंग आहेत, त्याला इंग्रजीत दिलेले नाव व्हिसाची वाट पाहण्याविषयीचे आहे. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याचा परवाना. ज्याने अमेरिका, इंग्लंड, जर्मनी पाहिली त्या माणसाच्या आठवणींत परका देश म्हणून येतो तो बडोदे, मसूर, चाळीसगाव, दौलताबाद. नाव कोणीही ठेवलेले असो, ते नेमके बसले आहे.

मुंबईस परतल्यावरची तीन वर्षे थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार साडेचारशे रुपये. 31 जानेवारी 1920 रोजी मूकनायक सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. पगारातून काटकसर करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि उरलेल्या पाच हजार रुपयांचे कर्ज दिले ते नवल भथेना यांनी. बडोद्यात काठ्या घेऊन आलेलेही पारशी आणि पाच हजार रुपये विश्वासाने देणाराही पारशीच. समाज आणि माणूस यांची गल्लत करू नये, हे मी नववीच्या वर्गात याच उदाहरणाने सांगतो.

जुलै 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. या वेळी शिष्यवृत्ती नव्हती, स्वतःचा पैसा होता आणि तो अतिशय थोडा होता. त्या काळच्या लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्याला खोली मिळणे सोपे नव्हते. क्रॉमवेल रोडवर 21 क्रमांकाच्या घरात 1910 पासून हिंदी विद्यार्थ्यांसाठी उतरण्याची सोय होती, पण सरकार येथून आपल्यावर नजर ठेवते असा विद्यार्थ्यांचा संशय असे. खाजगी घरांत अनेक घरमालकिणी गोऱ्यांखेरीज कोणाला ठेवीत नसत. 1921-22 मध्ये लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली, तिच्यापुढे राहण्याच्या जागांचा विषय होताच. म्हणजे रंगावरून दार लावले जात होते. हा अन्याय लहान नव्हता. पण तो सर्व हिंदी विद्यार्थ्यांच्या वाट्याला सारखाच येत होता. तेथे घरमालकीण ब्राह्मणाला आत आणि महाराला बाहेर असे करीत नव्हती, आणि एकदा खोली मिळाली की संध्याकाळी काठ्या घेऊन कोणी येत नव्हते.

बाबासाहेब ज्या बोर्डिंगमध्ये राहिले, त्याच्या मालकिणीच्या कंजूषपणाच्या हकिगती चरित्रकारांनी दिल्या आहेत. सकाळी पावाचा एक तुकडा, थोडा मासा आणि चहा. दुपारचे जेवण नाहीच. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडण्याच्या सुमारास ते दारात हजर असत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. दुपारी खायला बाहेर जाणे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्हींचा खर्च. तेथून इतर ग्रंथालये. संध्याकाळी बोर्डिंगवर पुन्हा तसेच अपुरे जेवण. रात्री दहाच्या सुमारास पोटात आग पडे. ओळखीच्या एकाने दिलेल्या पापडांचे बिंडोळे जवळ होते. पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजायचे, पेलाभर दूध घ्यायचे आणि पहाटेपर्यंत वाचायचे. खोलीतला सोबती मध्यरात्री जागा होऊन आता निजा म्हणून विनवी, तेव्हा आपल्यापाशी पैसाही नाही आणि वेळही नाही, असे उत्तर त्याला मिळे.

मालकिणीवर राग यावा असेच हे वर्णन आहे. पण तिचा हिशेब पैशाचा होता. भाडे वेळेवर मिळाले की तिचा आणि भाडेकरूच्या जन्माचा काही संबंध उरत नव्हता. तिच्या घरात उपाशी राहून रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिता आला. बडोद्याच्या धर्मशाळेत खाणे बरे असूनही ते शक्य नव्हते. भुकेवर पापडाचा उपाय होता, तिकडच्या दुखण्यावर नव्हता.

उत्तर लंडनमध्ये प्रिमरोझ टेकडीजवळ 10, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे 1921-22 मधले बिऱ्हाड. तीन मजल्यांहून उंच, एका ओळीतल्या घरांपैकी एक, मध्यमवर्गीय. जून 1921 मध्ये एम.एस्सी. मिळाली, 1922 मध्ये बॅरिस्टरी, ऑक्टोबर 1922 मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला. मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव घातले. पैसे संपत आल्याने एप्रिल 1923 मध्ये परतावे लागले; प्रबंधातील दुरुस्त्या मुंबईहून पाठवल्या गेल्या आणि डी.एस्सी. त्याच वर्षाच्या अखेरीस मिळाली.

लंडनच्या या खोलीचे भाडे केवळ कर्जातून निघत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या दोन खोल्यांत माता रमाई संसार रेटीत होत्या. पती परदेशी, घरात कमावता पुरुष नाही, मुलांची आजारपणे. एका बिऱ्हाडात पापडावर रात्र निघत होती, तर दुसऱ्यात तेवढेही नेहमी असेलच असे नव्हते. आपल्या शाळेतील ज्या पालकांची मुले बाहेर शिकत आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बॅरिस्टर होऊन आल्यावरही बाबासाहेब त्याच चाळीत राहिले. एकूण बावीस वर्षे, 1934 पर्यंत. महाडचा सत्याग्रह, बहिष्कृत भारत, गोलमेज परिषदा, पुणे करार, हे सारे त्या दोन खोल्यांच्या पत्त्यावरून झाले. मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले, तेही माणसांपेक्षा पुस्तकांना जागा हवी म्हणून. रमाईंना तेथे फार दिवस लाभले नाहीत. 27 मे 1935 रोजी त्या गेल्या. दिल्लीत मंत्रिपद सोडल्यानंतर बाबासाहेब राहिले ते 26, अलीपूर रोड या परक्याच्या घरात. 6 डिसेंबर 1956 रोजी महापरिनिर्वाण झाले तेही तेथेच.

याच माणसाने सार्वजनिक आयुष्याच्या अगदी आरंभी काय केले पाहावे. बहिष्कृत हितकारिणी सभा जुलै 1924 मध्ये स्थापन झाली आणि 4 जानेवारी 1925 रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. परिषदा आणि ठराव होतच होते, पण मुलाच्या रात्रीच्या निवाऱ्याला उशीर केला नाही. पुढे 1928 मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था काढली, तिचेही मुख्य काम वसतिगृहे. 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी वेगळी तरतूद मागितली, आणि त्यानंतर सरकारी खर्चाने मुले विलायतेला गेलीही. औरंगाबादला 1950 मध्ये महाविद्यालय काढले तेव्हाही वसतिगृहाचा विचार इमारतीबरोबरच होता. शिक्षण म्हणजे आधी राहण्याची जागा, हे त्यांना कोणत्या शिक्षणशास्त्राच्या ग्रंथातून शिकावे लागले नव्हते. आपली निवासी शाळाही त्याच विचारातून उभी आहे, आणि कोयनेच्या खोऱ्यातून, धरणाने आणि 1967 च्या भूकंपाने घरे गमावलेल्या कुटुंबांतून जी मुले येथे आली, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकाच्या आधी खाटेची सोय करावी लागते, हे आम्ही शिक्षक जाणतो.

किंग हेन्रीज रोडच्या घराची गोष्ट मात्र एवढ्यावर संपत नाही. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ते सुमारे 31 लाख पौंडांना विकत घेतले आणि 14 नोव्हेंबर 2015 रोजी स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. भिंतीवर निळी पाटी आहे, तीवर बाबासाहेबांचे पूर्ण नाव. पुढे काही शेजाऱ्यांनी तक्रार केली की राहत्या घरांच्या वस्तीत संग्रहालय नको. कॅम्डन नगर परिषदेने 2018 मध्ये परवानगी नाकारली. राहण्याच्या वापरातले घर कमी होते, हे त्यातले कारण. 2019 मध्ये रीतसर सुनावणी झाली आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. मला या वादात राग येण्यासारखे फार काही दिसत नाही. शेजाऱ्यांना गर्दीची चिंता होती, परिषदेला घरांच्या टंचाईची. दोघांनी कागदावर लिहून दिले, दुसऱ्या बाजूने कागदावर उत्तर दिले आणि निकाल लागला. बडोद्याच्या धर्मशाळेत बाबासाहेबांना आठवडाभराची मुदत मिळाली नव्हती. येथे शंभर वर्षांनी त्यांच्या जुन्या खोलीला सुनावणी मिळाली.

आपल्या त्या विद्यार्थ्याला शेवटी खोली मिळाली. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात, माळ्यावरची, छत उतरते असलेली. विद्यापीठाच्या वसतिगृह कार्यालयाने जामीनदाराची अडचण सोडवली. अशी सोय काही विद्यापीठांत असते, पण ती विचारावी लागते, आणि पहिल्या पिढीच्या मुलाला कोठे विचारायचे हेच ठाऊक नसते. करारपत्राची प्रत त्याने मला पाठवली. त्यावर त्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि खाली आपल्या वाडीचा पत्ता आहे, पिनकोडसह. पुढच्या रविवारी तो किंग हेन्रीज रोडला जाऊन आला. आत माणसे शांतपणे फिरत होती, एवढेच त्याने कळवले, आणि थंडी फार आहे हेही.

जी मुले यानंतर जातील त्यांना पहिले पंधरा दिवस असे काढावे लागू नयेत, म्हणून शाळेच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. परदेशात किंवा पुणे, मुंबई, दिल्ली, बंगळूर येथे असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी तीत आपले नाव, गाव आणि सध्याचा पत्ता नोंदवावा. पत्राने कळवले तरी चालेल. ज्यांच्या घरी चार दिवस एका मुलाची सोय होऊ शकेल त्यांनी तसे वेगळे लिहावे. हे लिहून होईपर्यंत वहीत अकरा नावे आली आहेत.